मदत हवी आहे: बाबांच्या पंचाहत्तरीला चांदीचा डॉलर, कोणता घ्यावा?

मंडळी, मी न्यू जर्सीत असते. दिवाळीत साताऱ्याला जाणार आहे, तेव्हा बाबांसाठी अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर न्यायचाय. त्यांच्याकडे राणी छाप रुपये बरेच आहेत, पण डॉलर एकही नाही.

जन्मसालाचं नाणं द्यायचं डोक्यात होतं, पण 1935 नंतर थेट 1971 पर्यंत डॉलरचं नाणं चलनात आलंच नाही. म्हणजे तो विषय संपला.

आता मॉर्गन डॉलर (1878 ते 1904 आणि मग 1921) की पीस डॉलर, यात अडकलेय. दोन्ही 26.73 ग्रॅमचे, 90 टक्के चांदी. राणी छाप रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे हातात घेतल्यावर बाबा खूश होणार! मला मॉर्गनच आवडतोय. मागच्या बाजूला पुष्पचक्राखाली टांकसाळीचं बारीकसं अक्षर असतं, ते भिंगातून शोधण्यात त्यांची अख्खी दुपार जाईल. कार्सन सिटीचं ‘सीसी’ मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण माझं बजेट दीडशे-दोनशे डॉलरच आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा 1881 चा ‘एस’ त्यात बरा मिळेल का?

दुसरं, पीसीजीएस किंवा एनजीसी (नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या) यांच्या सीलबंद डबीतला घेऊ की सुटा? सुट्यात नकली निघायची भीती. शिवाय बाबा चांदी दिसली की चिंच घेऊन घासायला बसतात, आणि घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाहीत. पण डबीतलं नाणं हातात खेळवता येत नाही, त्यांना तेच तर आवडतं.

कुणी असं नाणं भारतात नेलंय का? कस्टममध्ये काय दाखवावं लागतं?