सिझरनंतर एपिड्युरलमधून मॉर्फिन : रात्री श्वास कोण मोजणार?

रानजाई : मागच्या महिन्यात वहिनीचं सिझर झालं. पाठीतल्या नळीतून (एपिड्युरल) शेवटी मॉर्फिन दिलं, दुखणं खरंच गायब. पण रात्रभर सिस्टर दर तासाला येऊन उठवतेय, "ताई, डोळे उघडा". नंतर सही केलेला कागद वाचला तर त्यात श्वास मंदावू शकतो असं लिहिलेलं, तोंडाने कुणी सांगितलंच नव्हतं! एक सिस्टर आणि पंधरा पेशंट असतील तिथे हे देऊच नये असं माझं मत.

भूलवाला : सांगायला हवं होतं, शंभर टक्के. पण सिस्टर उठवत होती म्हणजे काम चोख चाललं होतं. फेंटॅनिल हे मॉर्फिनच्याच जातीचं दुसरं औषध चरबीत विरघळतं, टोचलं तिथेच बरंचसं शोषलं जातं, काही झालंच तर लवकर कळतं. मॉर्फिन मात्र मणक्यातल्या पाण्यातून हळूहळू वर मेंदूकडे चढतं, म्हणून ऑपरेशन थिएटरमधून हसत बाहेर आलेल्या बाईचा श्वास सहा-बारा तासांनीही मंदावू शकतो, म्हणजे नेमका रात्री दोनला. २-३ मिलिग्रॅममध्ये धडधाकट बाईला असं होणं फार क्वचित, आणि नॅलोक्सोन हे उतारा औषध हाताशी हवंच.

कोकणातला काका : क्वचित असेल हो, पण आमच्याकडे बोटाला ऑक्सिमीटर लावला की झालं असं समजतात. नाकाला ऑक्सिजन चालू असला की आकडा ९८ दाखवतो आणि श्वास मिनिटाला सातवर आलेले असतात. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, पोटाच्या भिंतीत ब्लॉक (नसा बधिर करणारं इंजेक्शन), एवढ्यात भागतं की.

दोन सिझरवाली : काका, भागतं म्हणायला पोट तुमचं कापलेलं नाही 😅 पहिल्या वेळी नुसती इंजेक्शनं होती, कुशीवर वळता येईना, बाळाला पाजायला घ्यायचं तर दोघी लागायच्या. दुसऱ्या वेळी मॉर्फिन, अंगाला खाज सुटली, उलट्या झाल्या, तरी त्याच संध्याकाळी मी उठून बसले. पुन्हा विचारलं तर तेच मागेन.

कोकणातला काका : बरं, ते राहू द्या. पण रात्री दुखलं म्हणून ड्यूटीवरच्या पोराने वरून ट्रामाडॉल ठोकलं तर?

भूलवाला : इथे काकांचं बरोबर. चोवीस तास दुसरं गुंगीचं औषध भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाही, हे केसपेपरवर ठळक लिहावं लागतं. बीपीसाठी मॅग्नेशियम चालू असेल, वजन फार असेल, झोपेत घोरताना श्वास अडकत असेल तर मी डोस कमी करतो, नाहीतर देतच नाही.

रानजाई : वहिनी तर भिंत हलेल इतकं घोरते. कुणी विचारलंच नाही.

भूलवाला : मग त्या सिस्टरला पेढे द्या आधी. आणि पुढच्या वेळी घोरण्याचं तुम्हीच आपणहून सांगा.