मदत हवी आहे: फोर्टातला ट्रेझर हंट, कोड्यावर अडकल्यावर हिंट कधी घ्यायची?

दोन_डबे_पुढे
मंडळी, येत्या रविवारी मुंबईच्या फोर्टात पायी ट्रेझर हंट आहे. चौघांची टीम, चौघेही नवखे. वेळ ९ ते १. सुरुवात हुतात्मा चौकात, शेवट सीएसएमटीसमोर. १२ कोडी, सगळी पाकिटं सुरुवातीलाच हातात मिळतात, क्रम आपण ठरवायचा. बरोबर उत्तराला १०० गुण, प्रत्येक हिंटला ३० वजा, १ नंतर प्रत्येक मिनिटाला १० वजा. प्रत्येक ठिकाणी किमान तिघांचा फोटो हवा. बस-टॅक्सी चालणार नाही.

सरावाला हा नमुना दिलाय: "१४-३३. पाठीवर कोण?" इंग्रजी अक्षरांनी मोजलं तर १४ म्हणजे एन, ३३ ला अक्षरच नाही. हे काय आहे? आणि हिंट किती वेळ अडल्यावर घ्यावी? चौघांनी एकत्र फिरायचं की फुटायचं?

पाटीवाचक
एबीसीडी सोडा, कखगघ घ्या. क ते म ही २५ व्यंजनं पाच ओळींत पाच-पाच मांडा: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. पहिला आकडा ओळीचा, दुसरा घराचा. १४ म्हणजे घ, ३३ म्हणजे ड. काना-मात्रा हा कोड देत नाही, त्या आपण भरायच्या: घडी, घोडा, घड. पुढे पाठीचा उल्लेख आहे म्हणजे घोडा, आणि फोर्टात घोडा म्हटलं की काळा घोडा.

खरी मेख पुढे आहे. नेटवर शोधलंत तर घोड्यावर बसलेला इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड सापडेल. पण तो पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवला, आता राणीच्या बागेत आहे. २०१७ पासून काळा घोड्याला उभा आहे तो बिनस्वाराचा. उत्तर: कोणीच नाही. कोडं घालणारा माणूस जागेवर जाऊन आलेला असतो, हे धरून चाला.

कोडात ६ किंवा ७ ची ओळ आली तर कोष्टक वाढवा: य र ल व श, मग ष स ह ळ. जोड्या न पडता सलग आकडे आले, त्यात ८, ९, ० असले, तर कटपयादि (अक्षरांना अंक देण्याची जुनी पद्धत) लावून बघा. क, ट, प, य या चारींना १, तिथून पुढे चढत जायचं, आणि आलेले अंक उजवीकडून वाचायचे. दादर: द ८, द ८, र २, म्हणून २८८. मालाड ३३५.

जोडाक्षर
+१. एक भर. "नावातलं तिसरं अक्षर" असं आलं की आधी ठरवा, जोडाक्षर एक धरायचं. "स्मारक" म्हणजे स्मा-र-क, तीन. मोबाइलमधल्या अक्षर मोजणाऱ्या टूलला विचाराल तर तो सहा सांगेल, कारण हलन्त आणि काना तो सुटे मोजतो. कागदावर बोटाने मोजा.

स्टेशनांच्या क्रमावर कोडं असेल तर जुना नकाशा वापरू नका. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राम मंदिर २०१६ च्या डिसेंबरात आलं. चर्चगेट पहिलं धरलं तर गोरेगाव आता १९ वं, आधी १८ वं होतं. प्रभादेवीचंही तेच, जुन्या यादीत ते एल्फिन्स्टन रोड असतं.

खडू_आणि_नकाशा
हिंटचा हिशेब भावनेवर सोडू नका. चार तास म्हणजे २४० मिनिटं. नवखी टीम १२ पैकी ८ सोडवेल असं धरू. ८०० भागिले २४०, मिनिटाला साधारण सव्वातीन गुण. म्हणजे ३० गुणांची हिंट तुम्हाला नऊ मिनिटांना पडते. एखाद्या कोड्यावर "अजून नऊ मिनिटांत सुटेल" असं प्रामाणिकपणे वाटत नसेल तर हिंट घ्या. बहुतेक टीमा अर्धा तास घालवून मग घेतात, म्हणजे वेळेचे शंभर गुण धरून तीच हिंट चौपटीहून जास्त भावाने. उशिराचा दंडही मिनिटाला १०, कमाईच्या तिप्पट. पावणेएकला सीएसएमटीपासून दहा मिनिटांवर नसाल तर उरलेलं कोडं सोडून निघा.

पाकिटं मिळाल्यावर पहिली वीस मिनिटं कोणी हलू नका. बाराही वाचा, ए-३ आकाराच्या नकाशाच्या प्रिंटवर सुटलेल्या जागांवर खूण करा. गेटवे ते सीएसएमटी पायी जवळपास अर्धा तास आहे, म्हणून दक्षिण आधी: हुतात्मा चौक, काळा घोडा, गेटवे, मग शहीद भगतसिंग रस्त्याने वर हॉर्निमन सर्कल, शेवटी सीएसएमटी. त्या रस्त्यावरच्या लायन गेटचे फोटो काढू नका, आत नौदलाची गोदी आहे, पहारेकरी हटकतील आणि वेळ जाईल.

फुटण्याबद्दल: फोटोत तिघंच हवेत, म्हणून ३+१. चौथा पुढच्या जागी जाऊन पाटी वाचतो. फोटो आख्ख्या पाटीचा काढायचा, हवी तेवढीच ओळ नाही. नंतर "खालून दुसरा शब्द" असा उपप्रश्न निघाला की परत जावं लागतं.

पाटीवाचक
पाटीवरून आठवलं, गेटवेचं साल. वर कोरलंय ते रोमन आकड्यांत, एम-सी-एम-एक्स-आय, म्हणजे १९११. ते पंचम जॉर्ज आणि राणी मेरी तिथे उतरले त्याचं साल. वास्तू खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. "कोरलेलं साल" आणि "खुलं झालं ते साल" यांतला शब्द नीट वाचा. टाउन हॉलच्या पायऱ्या मोजायला लावल्या तर दोघांनी वेगवेगळं मोजा, पदपथाची कड धरली की नाही यावर एकाचा फरक पडतो.

दोन_डबे_पुढे
धन्यवाद सगळ्यांना! नऊ मिनिटं मोजायची कोणी? आणि सामान काय घ्यावं?

खडू_आणि_नकाशा
नकाशा ज्याच्या हातात त्यानेच टायमर लावायचा. कोडं सोडवणाऱ्याला घड्याळ दिलंत तर तो "आलंच, आलंच" म्हणत राहतो. सामान: दोन पॉवर बँक, पेन्सिली (घामाने ओल्या कागदावर जेल पेन पसरतं), कखगघचं कोष्टक छापून, माणशी लिटरभर पाणी. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पाटीवरची बारीक अक्षरं फुटतात. आणि शनिवारी रात्रीच मेगाब्लॉक (रविवारी दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो) बघून ठेवा. सकाळी जाताना बहुधा अडचण नसते, पण दुपारी परतताना नेमका त्यात सापडाल.