हरवलेल्यांच्या शोधासाठी गोव्यात स्वयंसेवकांची श्वानपथकं हवीतच

म्हादईकाठची: काल इथे एकाने लिहिलं, "हौशी लोकांची घरची कुत्री रानात काय माणसं शोधणार? ते काम पोलिसांचं." डोकंच फिरलं. स्कॉटलंडमध्ये १९६५ साली हे काम गिर्यारोहकांनीच सुरू केलं, आणि ब्रिटनमध्ये आजही हँडलर, म्हणजे कुत्रा हाताळणारे, नोकरीधंदा सांभाळून ते करतात. कुत्रा घरचाच असतो, पण तयार व्हायला दोनेक वर्षं जातात आणि परीक्षा पास झाल्याशिवाय शोधाला नेत नाहीत. वाऱ्यावर येणारा माणसाचा वास तो लांबून पकडतो. पावसाळ्यात सत्तरी तालुक्याच्या रानात चार पावलांवरचं दिसत नाही, तिथे डोळे काय करणार?

फोंडेकार: एप्रिलच्या दुपारी सड्यावर, उघड्या कातळावर, कुत्रा चालवून दाखवा. जांभा तापला की पंजे भाजतात, आणि धापा टाकणारा कुत्रा वास काय घेणार? वर बिबटे. वर गोचिडी, त्यांच्यामुळे होणाऱ्या माकडतापाने सत्तरीत माणसं गेलीत. आमचे वाटाडे पुरे आहेत.

म्हादईकाठची: दुपारी नेतंय कोण? रात्री आणि पहाटे हवा थंड असते, वास जमिनीलगत राहतो.

काणकोणची ताई: वाटाड्यांचं मला सांगू नका. आमच्या काकांना विस्मरण झालं होतं. काजूच्या दिवसांत बागायतीतून निघाले ते घरी आलेच नाहीत. सगळा वाडा टॉर्च घेऊन धावला. सकाळी माग काढणारा कुत्रा आला तोवर काकांचा पंचा दहा हातांतून फिरलेला, वर कोणीतरी तो धुतलेल्या कपड्यांत ठेवलेला. कुत्रा पुन्हा पुन्हा आमच्याच माणसांपाशी येऊन थांबायचा.

फोंडेकार: मग काका सापडले कसे? माणसांनीच शोधले ना?

काणकोणची ताई: गुराख्याला दिसले, व्हाळाच्या कडेला, घरापासून हाकेच्या अंतरावर. जिवंत होते. रात्रभर आम्ही तिथूनच ये-जा करत होतो! आमच्या घरच्या दुःखावर मुद्दे जिंकू नका.

डिचोलीचे गुरुजी: कुत्रा असो नसो, ही पंच्याची गोष्ट प्रत्येक पंचायतीत सांगायला हवी. अंगावरचा न धुतलेला कपडा, एकाच माणसाने, हात न लावता, स्वच्छ पिशवी उलटी हातावर चढवून तिच्यात भरायचा. कपड्याऐवजी त्याच्या उशीची न धुतलेली खोळही चालते. आणि गर्दी आवरा. आपल्याकडे माणूस हरवला की आधी जत्रा भरते.

फोंडेकार: वाऱ्यावरच्या वासावर शोधतो म्हणता, मग कपडा कशाला? आधी आपसात ठरवा.

म्हादईकाठची: दोन वेगळी शिकवण आहे. एक कुत्रा त्याच माणसाचा माग काढतो, त्याला कपडा लागतो. दुसरा त्या पट्ट्यातलं कुठलंही माणूस शोधतो, म्हणून त्याच्या आधी गर्दी बाहेर काढावी लागते.

डिचोलीचे गुरुजी: आणि धबधबे? २०२३ च्या पावसाळ्यात बंदी घातली, तरी लोक उतरतातच. बुडालेल्यांचं काय?

म्हादईकाठची: पाण्याखालून वर येणारा वासही शिकवलेले कुत्रे बोटीतून पकडतात. प्रवाहात तो खाली सरकतो, म्हणून पाणबुड्यांनी वरच्या अंगाला शोधायचं.

फोंडेकार: बरं, तेवढं मानलं. पण लोणावळ्याच्या शिवदुर्ग या स्वयंसेवी बचाव पथकासारखी माणसं आधी उभी करा, कुत्रे मागून. नुसता कुत्रा पाळला म्हणून कोणाला मी रानात सोडणार नाही.

म्हादईकाठची: पोलिसांनी बोलावल्याशिवाय कोणी जायचंच नाही, हा पहिला नियम. पण बोलावतील कोणाला? तुमच्या ग्रामसभेत हा विषय मांडाल का?

फोंडेकार: मांडतो. पण बिबट्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.