विषय: मंडळाचा डेस्कटॉप मध्येच रीस्टार्ट होतोय

प्रेषक: स्मरणिका समिती
सोमवार, रात्री

सर्वांना नमस्कार आणि संक्रांतीच्या आगाऊ शुभेच्छा.

मंडळाच्या खोलीतला डेस्कटॉप दिवाळीनंतर अंगात आल्यासारखा वागतोय. काम चालू असताना स्क्रीन एकदम काळी होते, पंखे पुन्हा घोंघावतात आणि विंडोज पहिल्यापासून सुरू होतं. विंडोज कोसळल्यावर येते ती निळी स्क्रीन नाही, इशारा नाही, काही नाही. काही दिवस सकाळपासून दुपारपर्यंत गुण्यागोविंदाने चालतो. संध्याकाळी मात्र हमखास रुसतो. काल हळदीकुंकवाच्या पत्त्यांची लेबलं छापताना लागोपाठ बंद पडला, शेवटी मी हाताने पत्ते लिहिले.

नवीन घ्या म्हणण्याआधी एक सांगते. जुन्या स्मरणिका पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, आणि श्रीलिपीचं हार्डवेअर लॉक, म्हणजे ती चालवायला लागणारी किल्ली, याच मशीनला लावलेलं आहे. पाडव्याच्या अंकासाठी त्यातले लेख काढायचे आहेत. तेवढं होईपर्यंत तरी हा जगायला हवा. कुणाला काही सुचतंय का?


प्रेषक: एक सभासद, ओकव्हिल
सोमवार, रात्री

ताई, स्पष्ट बोलतो. ते मशीन दहा वर्षांचं आहे, विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यावर सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर ठेवणं मला पटत नाही. दुरुस्तीवर डॉलर घालवण्यापेक्षा कार्यकारिणीने नवीन मशीनचा ठराव आणावा, मी अनुमोदन देतो.


प्रेषक: ज्येष्ठ सभासद, ब्रॅम्प्टन
मंगळवार, सकाळी

अगं, रॅम काढ, तिच्या सोनेरी पट्टीवर पेन्सिलीचा खोडरबर फिरव, फुंकर मारून परत बसव. आमच्या वेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन जोडायचो तेव्हा अर्धे आजार एवढ्यानेच बरे व्हायचे. झाकण उघडलंच आहेस तर धूळही काढ. इथे कॅनडात कार्पेटचा कचरा किती जातो आत, कल्पना नाही तुला.


प्रेषक: आयटीवाली, मार्कहॅम
मंगळवार, दुपारी

काका, खोडरबर चालतो, पण तो पहिला उपाय नको. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. रॅम नुसती काढून खटकन आवाज येईपर्यंत परत बसवली तरी बहुतेक वेळा तेच काम होतं. आणि फुंकर अजिबात नको, थुंकी उडते.

ताई, काहीही विकत घेण्याआधी आणि काहीही उघडण्याआधी एकच गोष्ट ठरवायची आहे: विंडोज स्वतः कोसळतंय, की विंडोजच्या पायाखालची वीज कुणी काढून घेतंय? दोन्हींमध्ये मशीन रीस्टार्टच होतं, पण उपाय पूर्ण वेगळे.

आधी स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, शोधा. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा आणि काल संध्याकाळच्या वेळा बघा. 1074 क्रमांकाची नोंद असेल तर कुणीतरी रीतसर रीस्टार्ट मागितला होता, अपडेटने किंवा एखाद्या प्रोग्रामने, आणि त्याचं नावही तिथेच असतं. 1001 आणि शेजारी बगचेक असं असेल तर निळी स्क्रीन आली होती, तुम्हाला दिसली नाही इतकंच. डब्ल्यूएचईए-लॉगर अशी नोंद दिसली तर प्रोसेसर किंवा मदरबोर्डच स्वतःबद्दल तक्रार करतोय.

कर्नल-पॉवर 41 तर दिसेलच. ती नोंद वाचून लोक घाबरतात आणि नेटवर शोधून भलतेच ड्रायव्हर बदलत बसतात. तिचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ती नोंद पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते, त्यामुळे कारण तिलाही माहीत नसतं. तिच्या डिटेल्समध्ये बगचेककोड किती आहे ते मात्र कळवा. शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीतला असतो, षोडशमानात (हेक्समध्ये) बदलून मग शोधायचा. शून्य असेल तर विंडोजला शेवटचे शब्द बोलायलाही वेळ मिळाला नाही असं समजा.

त्याबरोबर सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टवरची खूण काढा. म्हणजे निळी स्क्रीन आलीच तर ती थांबून राहील आणि फोटो काढता येईल.

आणि एक फुकटची परीक्षा. संध्याकाळी मशीन सुरू करून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या, स्क्रीनवर जा आणि तसंच सोडून द्या. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, व्हायरस नाही. तिथेही रीस्टार्ट झालं तर सॉफ्टवेअरची बाजू सुटली.


प्रेषक: स्मरणिका समिती
बुधवार, रात्री

केलं सगळं. 41 च्या नोंदींची रांग लागली आहे आणि प्रत्येकात बगचेककोड शून्य. 1001 एकही नाही, डब्ल्यूएचईए नाही. खूण काढली तरी निळी स्क्रीन आली नाही.

बायोसमध्ये तासभर शांत बसला होता. मग खजिनदार आले, त्यांनी पावत्या छापायला लॅपटॉपवरून प्रिंट दिली, आणि हा महाशय माझ्या डोळ्यांदेखत रीस्टार्ट! तापमान तेव्हा बायोसमध्येच दिसत होतं, 41 अंश. म्हणजे तापलेलाही नव्हता.


प्रेषक: आयटीवाली, मार्कहॅम
बुधवार, रात्री

वा, हे फार उपयोगी आहे. तापमानाचं तर तसंही वाटत नव्हतं. तापलेला प्रोसेसर आधी वेग कमी करतो, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद पडून बंदच राहतं. लगेच परत उभं राहणं हे सहसा त्याचं लक्षण नाही.

दोन संशयित उरले. एक म्हणजे कॅबिनेटचं रीसेटचं बटण. ते अडकलेलं असेल किंवा त्याची वायर चेपली असेल तर मशीनला कुणीतरी सतत टोचतंय असं होतं. मदरबोर्डवरून रीसेट एसडब्ल्यू लिहिलेली दोन पिनांची वायर काढून ठेवा, तिच्यावाचून काही अडत नाही. दुसरा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा आतला डबा. पण प्रिंट दिली आणि गेला, हा योगायोग मला सोडवत नाही. प्रिंटर याच पॉवर बारवर (एक्स्टेंशन बोर्डवर) आहे का?


प्रेषक: निवृत्त इंजिनिअर, हॅमिल्टन
गुरुवार, पहाटे

मी एरवी या यादीवर फक्त श्रद्धांजल्या वाचतो, पण आता विषय माझ्या विद्युत खात्यात आला म्हणून लिहितो.

ताई, त्या खोलीत हिवाळ्यात टेबलाखाली हीटर असतो. मागच्या सभेत मी त्याच्याशेजारीच बसलो होतो. तो 1500 वॅटचा आहे, म्हणजे 120 व्होल्टवर साडेबारा अँपिअर. बेसमेंटच्या त्या भिंतीचा ब्रेकर 15 चा. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर वितळवणारा तापलेला रूळ असतो, तो चालू होताना क्षणभर सात-आठ अँपिअर सहज ओढतो. बेरीज तुम्हीच करा. मग ब्रेकर का पडत नाही? कारण थोड्याशा जास्तीच्या भाराला तो मिनिटांनी उत्तर देतो, आणि प्रिंटरचा हिसका सेकंदांचा असतो. सकाळी खोलीत कुणी नसतं, हीटर बंद, म्हणून सकाळी मशीन गुणी. संध्याकाळी माणसं आली, हीटर लागला, छपाई सुरू झाली.

पण इथेच थांबलो तर अर्धंच निदान होईल. वीस मीटर वायर धरली, जाऊन येऊन चाळीस, 14 गेजची, तर वीस अँपिअरला सहा-सात व्होल्ट पडतात. एवढ्याने धडधाकट एसएमपीएसला काही होत नाही. त्याच्या अंगावर 100 ते 240 लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. शिवाय वीज पूर्ण गेली तरी त्याने साधारण 16 मिलिसेकंद, म्हणजे इथल्या 60 हर्ट्झच्या जवळजवळ एका फेऱ्याएवढा वेळ मशीन तगवून धरायचं असतं. तेवढ्या विजेचा साठा आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये असतो. कपॅसिटर उष्णतेने सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. दहा वर्षं धुळीत तापलेल्या कपॅसिटरमध्ये किती साठा उरला असेल?

आणि रीस्टार्टच का होतो तेही सांगतो. एसएमपीएसकडून मदरबोर्डला एक तार जाते, पॉवर ओके नावाची. व्होल्टेज ठीक आहे तोवर तिच्यावर होकार. साठा संपत आला की एसएमपीएस तो होकार मागे घेतो आणि मदरबोर्ड त्याच क्षणी सगळं रीसेट करतो. विंडोजला कुणी विचारत नाही. म्हणून तुमच्या नोंदीत शून्य.

आता कृपया एक करा, आणि हे संगणकासाठी नाही. हीटर अर्धा तास चालल्यावर बंद करा आणि पॉवर बारचा भिंतीतला प्लग हाताने बघा. गरम लागला तर तो हीटर त्या बारवर पुन्हा लावू नका. सैल झालेल्या सॉकेटमध्ये नुसता अर्धा ओहम रोध आला तरी साडेबारा अँपिअरला 78 वॅट उष्णता त्या टिचभर पितळात तयार होते. शिवाय सैल संपर्क क्षणाक्षणाला तुटतो, ते वेगळंच.


प्रेषक: स्मरणिका समिती
गुरुवार, रात्री

काका, प्लग गरम नाही, चटका बसला. भिंतीच्या सॉकेटला एका बाजूने तपकिरी डाग पडलाय, तो आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता. हीटर बंद करून कपाटात ठेवला आहे, सॉकेटवर चिकटपट्टी लावून "वापरू नये" लिहिलंय आणि त्या भिंतीचा ब्रेकरही पाडून ठेवलाय. जागामालकांना फोटो पाठवले, ते लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणतायत. रीसेटची वायर काढून ठेवली आहे.

डेस्कटॉप सध्या समोरच्या भिंतीवर, स्वयंपाकाच्या ओट्याकडच्या दुसऱ्या ब्रेकरवर. प्रिंटर दारापाशी तिसऱ्या. उद्या सगळे कोट घालून बसणार!


प्रेषक: ज्येष्ठ सभासद, ब्रॅम्प्टन
शुक्रवार, सकाळी

म्हणजे मशीन रडत होतं म्हणून आग वाचली म्हणायची. एक यूपीएस घेऊन टाका. भारतात कुणी यूपीएसशिवाय डेस्कटॉप लावत नव्हतं, इथे आल्यावर आपण सोकावलो.


प्रेषक: निवृत्त इंजिनिअर, हॅमिल्टन
शुक्रवार, दुपारी

यूपीएस घ्या, पण सॉकेट दुरुस्त झाल्यावर. आणि प्रिंटर किंवा हीटर त्याच्या बॅटरीवाल्या खोबणीत कधीही लावू नका, यूपीएस बंद पडेल. यूपीएस हा आजार झाकतो, बरा करत नाही. समोरच्या भिंतीवर मशीन कसं वागतंय ते आधी कळवा.


प्रेषक: स्मरणिका समिती
रविवार, रात्री

शुक्रवार, शनिवार उत्तम. छपाई झाली, हळदीकुंकू झालं, मशीन हललं नाही. आज कार्यक्रमाचा व्हिडिओ एकत्र करायला घेतला आणि पाऊण तासाने पुन्हा तेच. हीटर नाही, प्रिंटर बंद. नोंद 41, कोड शून्य. हिरमुसलेय.


प्रेषक: आयटीवाली, मार्कहॅम
रविवार, रात्री

ताई, हिरमुसू नका, दोन आजार होते त्यातला एक गेला. व्हिडिओ करताना प्रोसेसर पूर्ण ताकदीने वीज ओढतो. बाहेरची वीज चांगली असूनही मशीन पडतंय, म्हणजे हॅमिल्टनच्या काकांनी सांगितलेला सुकलेला कपॅसिटर आता एकटाच सापडला.

मल्टिमीटरने तपासायचं असेल तर पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 आणि लाल तारेवर 4.75 ते 5.25 यायला हवं. पण मीटरने 12.1 दाखवलं म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. काही मिलिसेकंदांची घसरण साध्या मीटरला दिसतच नाही. खात्री फक्त अदलाबदलीने होते. माझ्या मुलाच्या जुन्या मशीनचा 550 वॅटचा एसएमपीएस पडून आहे, तो मंगळवारी घेऊन येते. जुना कुणीही उघडून बघू नका, बंद केल्यावरही आत बराच वेळ विजेचा दाब साठलेला असतो. तो सरळ ई-कचऱ्यात द्यायचा.

रॅमची परीक्षाही रात्रभर लावून ठेवू, मेमटेस्टचे चार फेरे. संशय नाही, पण मशीन उघडंच आहे तर होऊन जाऊ दे.


प्रेषक: स्मरणिका समिती
पुढचा रविवार, संध्याकाळी

नवीन, म्हणजे मुलाचा जुना, एसएमपीएस बसला. मेमटेस्टमध्ये एकही चूक नाही. आठवडाभर व्हिडिओ, छपाई, सगळं झालं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 41 ची एकही नवी नोंद नाही. सॉकेट बदलून झालं. इलेक्ट्रिशियनने आतली वायर करपलेली दाखवली आणि त्या भिंतीवर हीटर नको असं बजावून गेला.

ओकव्हिलच्या दादांचा मुद्दाही बरोबर आहे. सभासदांची यादी आजच या मशीनवरून काढून मंडळाच्या खात्यात ठेवली आणि इंटरनेटची तार उपटली. आता यावर फक्त जुन्या स्मरणिका उघडायच्या. ते लेख युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येतील अशा लिपीत, आणल्यावर जोडाक्षरं आणि रफार तपासायला माणसं हवी आहेत. शनिवारी दुपारी दोननंतर कोण येऊ शकेल? चहा आहे, हीटर नाही.


प्रेषक: एक सभासद, ओकव्हिल
रविवार, रात्री

मी येतो. नवीन मशीनचा ठराव पाडव्यानंतरच्या सभेत मांडेन, तो मागे घेतलेला नाही.