आपल्याच खेळाडूची ‘हुर्यो’ उडवतात का? नेमका शब्द हवाय

गुहागरकर:
मंडळी, एका शब्दाने अडवलंय. वाडीच्या टेनिस बॉल स्पर्धेचा वृत्तांत मंडळाच्या अहवालासाठी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि सेमी फायनलला जे झालं ते कसं लिहू तेच कळत नाहीये. आमचा ओपनर, ज्याने गेल्या मोसमात एकट्याने मॅचा काढून दिल्या तो, त्याच्या बॅटला यंदा बॉलच लागेना. डॉट, डॉट, परत डॉट. सहा ओव्हरची मॅच, त्यात असे बॉल खाल्ल्यावर काय होणार ते तुम्हाला माहितीय. आधी “अरे फिरव ना”, मग “बाहेर ये रे”, आणि मग जिथे आमच्याच वाडीची पोरं आणि मुंबईहून आलेले चाकरमानी बसतात त्या आंब्याखालून लांबलचक “हूऽऽऽ” सुरू झालं. समोरची वाडी गप्प बसून मजा बघत होती, त्यांना काही करायची गरजच उरली नव्हती.

“प्रेक्षकांनी हुर्यो उडवली” असं लिहिलं तर अध्यक्ष म्हणतात हुर्यो समोरच्याची उडवतात, आपल्याची नाही, शब्द बदल. “बू केलं” लिहिलं तर म्हाताऱ्यांना वाटेल भूत आलं. “हूटिंग” पेपरवाले लिहितात, पण मला त्यात कॉलेजचं गॅदरिंग दिसतं. सुचवा काहीतरी.

खाडीपलीकडे:
अध्यक्ष बरोबर बोलतायत. हुर्यो उडवणारा आणि ज्याची उडते तो, हे दोघे वेगळ्या बाजूला असतात. भाषणात अडखळलेल्या पुढाऱ्याची हुर्यो, डिपॉझिट गेलेल्या उमेदवाराची हुर्यो. घरच्या माणसाला आपण झापतो, शिव्या घालतो, त्याची खेचतो, पण हुर्यो नाही उडवत.

मालवणी गजाल:
सोपो शब्द आसा मा, बोंब! “पोरांनी बोंब मारल्यानी” असा लिवा आणि मोकळे होवा.

गुहागरकर:
बोंबेचा विचार केला होता. पण “प्रेक्षकांनी बोंब मारली” वाचल्यावर मांडवाला आग लागली किंवा बक्षिसाची रक्कम घेऊन कोण पळालं असं वाटतं. पाण्याची बोंब, पगाराची बोंब, म्हणजे काहीतरी नाही म्हणून ओरड. आणि तुम्हाला शिमग्याची बोंब म्हणायची असेल तर ती वेगळीच चीज आहे. होळीपुढे तोंडावर हात मारून जी बोंब मारतो, फाका घालतो, त्यात सरपंच सुटत नाही की सावकार सुटत नाही, पण ती सगळ्यांना वाटून मिळते आणि दोन दिवसांनी त्याच्याच अंगणात पालखी नाचते. इथे एका पोराच्या वाट्याला सगळी आली आणि त्याची पालखी काय आली नाही.

अलिबागकर:
मला ‘आपल्याची हुर्यो नसते’ हे पटतच नाही. मार्च 2006, वानखेडे, इंग्लंडविरुद्धची टेस्ट. सचिन 21 बॉल खेळून 1 रन करून आउट झाला आणि परत येताना स्टँडमधून लोकांनी जे केलं त्याला खाडीपलीकडे काय म्हणणार? खेचणं? झापणं? मैदान त्याचं, शहर त्याचं, लोक त्याचे. ती हुर्योच होती. माझं म्हणणं एवढंच की लोक आपल्याची हुर्यो बिनधास्त उडवतात, फक्त उडवतात तेवढ्या वेळापुरता त्याला परका करून टाकतात. आणि नेमकं तेच वाईट आहे त्यात, शिवी परवडली, शिवी देणारा निदान तुझं नाव घेऊन देतो.

आमच्या रायगडात कबड्डीला हे फार जवळून दिसतं. गावच्या मैदानात लोक रेषेला पाय लावून उभे असतात, मध्ये जाळी नाही की काही नाही. चढाई करणारा दोनदा हात हलवत परत आला की तिसरी चढाई ‘करो या मरो’, पॉइंट आणला नाहीस तर तूच आउट, आणि सगळं 30 सेकंदात. अशा वेळी “हात लाव रे, हात!”, “बोनस घे!” असा ओरडा असतो, त्यात शिव्या पण असतात, पण ते सगळं त्याच्यासोबत आत शिरलेलं असतं. एकदा एका मॅचला आमच्याच लोकांनी तिसऱ्या चढाईला एवढा हूऽऽ केला की पंचांना त्याचा दम ऐकूच येईना. आता कबड्डीत दम ऐकू यायलाच हवा, नाहीतर दम सुटला म्हणून बाद देतात. पोरगा घसा फाडून “कबड्डी कबड्डी” करतोय आणि पंच कान पुढे करून त्याच्या मागे मागे पळतोय! म्हणजे आपलेच लोक आपल्याच माणसाला बाद करायला निघालेले. ह्याला हुर्यो नाही तर काय आशीर्वाद म्हणायचं?

खाडीपलीकडे:
सचिनचं उदाहरण बिनतोड आहे, पण मग हार्दिकचं काय करणार? 2024 च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबईचाच कॅप्टन टॉसला आला आणि मुंबईच्याच लोकांनी एवढा गोंधळ घातला की संजय मांजरेकरला माइकवरून लोकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. तिथे तो काही आउट ऑफ फॉर्म म्हणून नव्हतं चाललेलं. रोहितला काढून त्याला कॅप्टन केलं ह्याचा राग होता, आणि तो निर्णय घेणारे मालक काय मैदानावर टॉसला उभे नसतात, मग जो समोर दिसतो त्याने ऐकून घ्यायचं. एकाच शब्दात हे आणि सचिनचं कसं बसवणार?

अलिबागकर:
शब्द तोच, पत्ता चुकला. आणि तीच माणसं बघा ना, जूनच्या 29 तारखेला बार्बाडोसला त्याने शेवटची ओव्हर टाकली, आपण 7 रननी वर्ल्ड कप जिंकलो, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर “हार्दिक, हार्दिक”. सुधारली म्हणायची की विसरली म्हणायची तुम्ही ठरवा, मला तर ते बघून हसूच आलं.

जहाजावरून:
उशिरा वाचतोय, नेट आत्ता मिळालं. देवगडचा आहे, बोटीवर असतो, त्यामुळे दोन बाहेरच्या गोष्टी. एक, शिट्टी. आपल्याकडे शिट्टी म्हणजे खूश. स्पेनमध्ये फुटबॉलला स्टेडियमभर शिट्ट्या वाजल्या तर समजायचं लोक पिसाळलेत, रिअल माद्रिदवाले तर स्वतःच्याच मोठमोठ्या प्लेयरना शिट्ट्या घालतात. आमच्या क्रूमधल्या एका स्पॅनिश माणसासमोर टीव्हीवर गोल बघून मी शिट्टी मारली तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याच्या आईला काही बोललोय.

दुसरी, फिलाडेल्फिया. तिथले प्रेक्षक म्हणजे बदनाम. 1968 साली अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला त्यांनी सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारले होते, सांताक्लॉजला! तर ह्याच गावात बेसबॉलचा ट्रे टर्नर म्हणून प्लेयर, 11 वर्षांचं 30 कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, आणि 2023 ला पहिल्याच वर्षी बॅट चालेना. महिनोन्‌महिने. लोक सुरुवातीला करायचं ते करत होतेच. मग ऑगस्टमध्ये रेडिओवरच्या एका माणसाने सुचवलं की उद्या तो बॅटिंगला आला की उभं राहून टाळ्या वाजवू या, आणि अख्खं स्टेडियम खरंच उभं राहिलं. त्यानंतर तो सुटला तो सीझन संपेपर्यंत. टाळ्यांमुळेच झालं असं मी म्हणत नाही, चांगल्या बॅट्समनची बॅट कधी ना कधी चालतेच. पण फरक पडला असं तो स्वतः म्हणाला.

खाडीपलीकडे:
11 वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट असल्यावर दुसरं करणार काय, 10 वर्षं अजून बघायचाय त्याला. 😄 पण गंमत सोडा, पैसे देऊन तिकीट काढलंय म्हणून ओरडायचा हक्क आहे हे म्हणणारे पण खूप भेटतात आणि ते अगदीच चूक नाहीत. पळत नसेल, कॅच सुटल्यावर हसत असेल, तर बोला की. जो जीव तोडून खेळतोय आणि होत नाहीये त्याला कशाला?

रत्नांग्रीकर:
ओरडणं राहिलं बाजूला, आमच्याकडे त्यापुढची पायरी झालेली आहे. टेनिस बॉलला माइकवरून बक्षिसं लागतात ना, “पुढच्या षटकारासाठी अमुक शेठ यांच्याकडून 500 रुपये”, तसं आमच्याच गावच्या एका टंगळमंगळ करणाऱ्या बॅट्समनवर आमच्याच गावच्या माणसाने चिठ्ठी पाठवली, “ह्याची विकेट काढणाऱ्या बॉलरला 100 रुपये”. कॉमेंट्रीवाल्याने आधी न बघता थेट माइकवर वाचली! बॉलर थांबून हसायला लागला, बॅट्समनने बॅट खांद्यावर टाकली आणि सरळ चिठ्ठीवाल्याकडे चालायला लागला. अंपायरने मध्ये पडून परत आणला. आता ह्याला शब्द शोधा.

मालवणी गजाल:
शंभरच? 😂 तेची किंमत तेका सांगल्यानी मेल्यान.

अलिबागकर:
ही हुर्यो नव्हे, ही सुपारी.

आणि गंभीरपणे बोलायचं तर गावात आपल्याची हुर्यो उडवणं जास्त लागतं असं माझं मत. वानखेडेवरचा प्लेयर हॉटेलात जातो. आमचा पोरगा मॅच संपली की त्याच लोकांच्या रिक्षात बसून घरी येतो, आणि हूऽऽ करणाऱ्यातला एक त्याचा चुलतभाऊ असतो.

गुहागरकर:
सगळ्यांचे आभार, भरपूर खाद्य मिळालं. काल मंडळाची मीटिंग झाली, तिथे परत तोच घोळ. सेक्रेटरींचं म्हणणं “प्रेक्षकांनी नाराजी व्यक्त केली” असं लिहा. नाराजी व्यक्त करायला ती काय ग्रामसभा होती? ‘नाराजी’ लिहिलं की आवाजच जातो वाक्यातला, सगळे हात वर करून शांतपणे बसलेत असं वाटतं. अध्यक्ष म्हणाले ती ओळच काढून टाक, अहवालात बक्षीससमारंभ आणि जमाखर्च पुरे.

मी अलिबागकरांच्या बाजूला गेलोय. हुर्यो हाच शब्द, फक्त आधी ‘आपल्याच’ लावायचं, म्हणजे अध्यक्षांना जे खटकतंय ते वाचणाऱ्याला पण खटकेल, ते खटकायलाच हवं. वाक्य असं केलंय: “सलामीवीर धावांसाठी झगडत असताना आपल्याच वाडीच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.”

छापायच्या आधी त्या पोराला दाखवायला गेलो, म्हटलं वाईट वाटणार असेल तर खोडतो. तो होडीला रंग मारत होता, ब्रश न ठेवता वाचलं आणि म्हणाला, “ठेव की. फक्त ‘प्रेक्षकांनी’ कशाला, पहिला हूऽऽ कोणी केला ते माहितीय मला, त्याचं नाव टाक.”

नाव टाकता येत नाही. तो खजिनदाराचा मुलगा आहे.