टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेत एकल लावणी : दोन मिनिटांत काय बसवावं, काय सोडावं?

काठपदर

माझी विद्यार्थिनी टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेत स्टुडिओच्या फेरीपर्यंत पोचली आहे. एकल लावणी, वेळ 2 मिनिटं, गाणं ध्वनिमुद्रित, पाच कॅमेरे, मागे एलईडीची भिंत आणि पायाखाली एलईडीचीच फरशी. रंगमंचावर तिचं काम पक्कं आहे, अदाही आहे आणि पायही. स्टुडिओ मात्र तिला नवा आहे.

मूळ गाणं साडेचार मिनिटांचं, लय मिनिटाला 96 मात्रांची, ठेका केरव्याचा. ते कुठे कापावं? अदा कॅमेऱ्यात नीट यावी म्हणून बसवताना काय बदलावं? नऊवारी शिवलेली घ्यावी की नेसवावी? आणि एक सल्ला सगळीकडून येतोय की गिरक्या आणि गुडघ्यावरच्या चकरा वाढवा, टीव्हीवर गुण त्यालाच मिळतात. मला तो पटत नाही, पण कारण नेमक्या शब्दांत सांगता येत नाहीये.

डग्गा_शाई

आधी गाण्याचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहणार.

गाणं सेकंदांत कापू नका, आवर्तनांत कापा. 96 च्या लयीत 8 मात्रांचं आवर्तन बरोबर 5 सेकंदांचं होतं. म्हणजे 2 मिनिटांत 24 आवर्तनं. माझी वाटणी अशी असेल : सुरुवातीचा शेर किंवा आलाप 10 सेकंद (2 आवर्तनांएवढी जागा), मुखडा 4, एकच अंतरा 8, ढोलकीचा तुकडा 4, परत मुखडा 4, शेवटची तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर संपवणं) 2. दोन अंतरे कोंबायचा मोह होतो. तो टाळा. दुसऱ्या अंतऱ्यात बहुतेक वेळा पहिल्याच अदा पुन्हा येतात आणि ढोलकीला जागा उरत नाही.

कापताना हमखास होणारी चूक म्हणजे बरोबर समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) कात्री लावणं. लावणीचा मुखडा पुष्कळदा समेच्या आधी उचलला जातो, पहिले दोन-तीन शब्द आधीच्या आवर्तनाच्या शेवटी असतात. समेवर कापलं की ते शब्द जातात आणि गाणं ठेचकाळल्यासारखं सुरू होतं. जिथून उठाव आहे तिथून घ्या. जोडाच्या जागी डग्ग्याचा घुमारा तुटलेला ऐकू येतो, म्हणून आधीच्या तुकड्याची शेपटी पुढच्या तुकड्याखाली थोडी विरघळवायला सांगा.

लय वाढवून जास्त माल बसवू नका. 110 केली तर साडेसत्तावीस आवर्तनं मिळतात, म्हणजे फक्त साडेतीन जास्त, आणि त्यापायी ठसका धावायला लागतो. शेवट चढवायचा असेल तर गाणं आहे त्याच लयीत ठेवून पायांनी दुगुन, म्हणजे दुप्पट वेग, घ्या. लय चढल्याचा परिणाम तेवढाच मिळतो आणि हातातला ठहराव सुटत नाही.

तिहाईचं सोपं गणित : 3 मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये खंड नाही. समेवर सुरू केला की नववी मात्रा पुढच्या समेवर पडते. जास्त भरदार हवी असेल तर 5 मात्रांचा तुकडा तीनदा आणि दोन ठिकाणी एकेक मात्रा रिकामी, एकूण 17, म्हणजे दोन आवर्तनं आणि सम. मला दुसरी आवडते. त्या रिकाम्या मात्रेत एक नजर टाकता येते. वरच्या वाटणीत शेवटची दोन आवर्तनं तिलाच पुरतात. फक्त समेचा शेवटचा ठोका 24 आवर्तनांच्या बाहेर पडतो, त्यामुळे 2 मिनिटांची मर्यादा किती काटेकोर आहे ते आधी विचारून घ्या. काटेकोर असेल तर आलाप दीड-दोन सेकंदांनी आखडा.

तिसरा_कॅमेरा

गिरक्यांच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बसवण्याची सगळी दिशा त्यावर ठरते.

लावणीत फडाची (तमाशाच्या मोठ्या मंचावरची) आणि बैठकीची या दोन वाटा आहेत. फडावर शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं असतं, म्हणून हालचाल मोठी आणि फिरणं जास्त. बैठकीत रसिक चार हातांवर, म्हणून भुवई, बोटं, पदराचं टोक एवढ्यावर ओळ उलगडते. ज्येष्ठ लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांची अदाकारी त्या वाटेची. बसल्या जागी एकाच ओळीचे निरनिराळे अर्थ चेहऱ्यावर. आता कॅमेरा चेहरा किती जवळून दाखवतो बघा : बैठकीतल्या रसिकाला दिसतो तेवढ्याच. म्हणजे स्टुडिओ दिसायला फडासारखा भव्य असला तरी पडद्यावर पोचते ती बैठकच. गुडघ्यावरच्या चकरा जवळच्या चौकटीत मावत नाहीत, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यावर जावं लागतं आणि तेवढा वेळ नर्तकीचा चेहरा पडद्यावरून गायब होतो. दोन मिनिटांत असा वेळ किती खर्चायचा, हा हिशेब आहे. माझ्या मते ढोलकीच्या तुकड्यात चार गिरक्या, चौथी समेवर, आणि थांबताना दोन्ही टाचा एकदम टेकलेल्या. डोलत थांबलेल्या बारा गिरक्यांपेक्षा जाणकार परीक्षक त्याला जास्त गुण देईल, आणि द्यायलाच हवेत.

आता बसवण्यातले बदल.

एका वेळी एकच महत्त्वाचं. रंगमंचावर पाय बारीक तत्कार (लयीतले ठोके) करताहेत आणि वर चेहरा बोलतोय, हे प्रेक्षक एकत्र बघतो. इथे त्यातलं एकच दिसणार, आणि कोणतं ते बूथमध्ये बसून कॅमेरे निवडणारा माणूस ठरवणार. म्हणून पायांचं काम ढोलकीच्या तुकड्यात, चेहऱ्याचं शब्दांवर.

चेहऱ्याची अदा हवी त्या जागी शरीर किमान अर्धं आवर्तन, म्हणजे अडीच सेकंद, जागचं हलता कामा नये. कॅमेरा बदलून चौकट स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. अदा अर्ध्या सेकंदात उरकली तर ती वाया गेली.

पूर्ण फरशी वापरू नका. तीन खुणा पुरेत : मध्य, डावी पुढची, उजवी पुढची. अंतरा एकाच खुणेवर.

नजर चालू कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्यामागे धावू नये. कॅमेरा बदलला की नजर बदलते असं दिसलं, की अदा कोणासाठी आहे हेच कळेनासं होतं. परीक्षकांच्या टेबलावर डोळ्यांच्या उंचीचा एक बिंदू धरा. ठरवून दोनच जागी थेट भिंगात बघा. त्या दोन जागा आधी सांगितल्या, तरच कॅमेरा तिथे असेल.

आणि हे सगळं एका कागदावर द्या. 24 ओळी, दर आवर्तनाला एक : शब्द, खूण, काय दिसलं पाहिजे (डोळे, उजवा हात, पाय, पूर्ण शरीर). तालमीच्या वेळी तो दिग्दर्शन-विभागाकडे असला की पुष्कळ वाद टळतात. कागद न देता नंतर "अदा दिसलीच नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

भिंतीवर कोणता रंग चालणार तेही आत्ताच विचारा. लाल भिंतीपुढे लाल नऊवारी म्हणजे फक्त चेहरा आणि हात तरंगताना दिसतात.

इरकल_खण

नऊवारी शिवलेली घ्या, पण तयार दुकानातली नको. तिच्याच मापानं, कासोटा खरा घालून शिवलेली. तयार साड्यांत कासोट्याच्या जागी नुसती पट्टी जोडलेली असते आणि खाली बसल्यावर ती मागून फुगते. मापं उभ्यानं घेऊ नका. पूर्ण खाली बसवून, गुडघे उघडून कंबर ते टाच मोजा. उभ्यानं घेतलेलं माप बसताना मांडीवर ताणतं, आणि शिवण जाते ती नेमकी तिथेच.

शुद्ध रेशीम निसरडं, कमरपट्टा त्यावर सरकतो. सुती-रेशमी मिश्र कापड धरून राहतं. फार बारीक चौकडी किंवा रेघा नकोत, कॅमेऱ्यात त्यांच्या लहरी उठतात. काठ रुंद असू द्या. आत त्वचेच्या रंगाचं घट्ट, घोट्यापर्यंतचं लेगिंग.

पदर खांद्यावर तीन ठिकाणी टाका घालून पक्का, पिना फक्त जोडीला. पदराचं टोक अदेसाठी हातात घ्यायचं असेल तर कमरेत खोचलेला भाग मोकळा ठेवा आणि सुटण्याची लांबी ठरवून आतून एक टाका घाला. नाहीतर ओढताना सगळाच निसटतो. नथ दाबाची, आतून पापण्यांच्या गोंदाचा ठिपका. ठुशी आणि चिंचपेटी मागून एकमेकींना दोऱ्यानं बांधा, गिरकीत उलटतात. गजरा खोप्याला पिनेनं नव्हे तर सुईदोऱ्यानं.

काठपदर

खूप उपयोगी पडतंय, मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी. एलईडीच्या फरशीवर अनवाणी पाय सरकतात, राळेची पूड चालेल का? आणि चाळांचा (पायातल्या घुंगरांचा) आवाज प्रक्षेपणात येतच नाही असं ऐकलं. मग एका पायात 100 बांधायचे की कमी?

डग्गा_शाई

राळ नको. फरशीच्या काचेवर डाग पडतात आणि बहुतेक स्टुडिओ परवानगीच देत नाहीत. तळव्यांना आदल्या दिवसापासून तेल किंवा क्रीम लावू देऊ नका, आणि प्रवेशाआधी ओल्या फडक्यानं तळवे पुसून एक मिनिट वाळू द्या. फरशीवरची धूळही पुसून मागा, ती मागण्यात संकोच नको. अशा फरशीला लाकडासारखी लवचीकता नसते, म्हणून ठोका टाचेनं जोरात मारू नये. पूर्ण तळवा सपाट पडला की आवाज येतो आणि पोटरी वाचते.

चाळांचा आवाज फरशीजवळ वेगळा माइक ठेवला तरच येतो. ध्वनि-विभागाला आधी सांगा आणि तालमीत ऐकून घ्या. माइक मिळणार नसेल तर गाण्यात चाळांचा आवाज आधीच भरून घेऊ नका. पाय एका बाजूला आणि आवाज दुसऱ्या बाजूला, हे जाणत्या कानाला लगेच कळतं. 100 च ठेवा, सवय मोडू नका. वजन कमी झालं की पावलाची पकड बदलते. दोरी नवी असेल तर निदान आठवडाभर तिच्यावरच तालीम करा, सुती दोरी ताणून सैल होते.

तिसरा_कॅमेरा

चित्रीकरणाच्या दिवसाबद्दल थोडं. बोलावणं सकाळचं आणि प्रवेश रात्री, हे नेहमीचं. सकाळी अंग मोकळं करून ठेवलं म्हणजे झालं असं होत नाही. दर दोन तासांनी पाच मिनिटं घोटे, गुडघे, कंबर हलवायची, आणि प्रवेशाआधी पूर्ण पंधरा मिनिटं. जड जेवण तीन तास आधी संपलेलं हवं. कमरपट्टा प्रवेशाच्या दहा मिनिटं आधीच आवळा, त्याआधी नको.

दमाची तालीम सलग दोनदा नाचून घ्या, मध्ये फक्त वीस सेकंद. नाच संपल्यावर लगेच परीक्षकांचं बोलणं ऐकत उभं राहायचं असतं आणि कॅमेरा तेव्हाही चालू असतो. धापा टाकत उत्तर देणं चांगलं दिसत नाही, आणि श्वास नाकानं घ्यायची सवय तालमीतच लागते.

काही तुटलं, पडलं, सुटलं तरी फ्लोअर मॅनेजर थांबवेपर्यंत थांबायचं नाही. नथ पडली तर पायानं बाजूला सारायची नाही, खूण बदलायची. यासाठी तालमीत मुद्दाम एकदा गाणं मध्येच बंद करा आणि तिला मनातल्या लयीवर पुढे नाचू द्या. चार आवर्तनांनी गाणं पुन्हा जोडा. समेवर भेटली तर ती तयार आहे. नाही भेटली तर उरलेले दिवस नवीन काही न बसवता ढोलकीबरोबर फक्त हेच करा.