पाटणचे महादेव मंदिर खरोखर हेमाडपंती आहे का?

प्रश्न: चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलातले महादेव मंदिर नुकतेच पाहिले. सर्वजण त्यास हेमाडपंती म्हणतात. ते यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या काळातले आहे काय?

उत्तर: नाही. तेथील शके १०७५ च्या (इ.स. ११५३) शिलालेखानुसार निकुंभ घराण्यातील इंद्रराजाने आरंभिलेले हे शिवालय पुत्र गोवनाच्या काळात पूर्ण झाले, आणि हेमाद्री तर त्यानंतर सुमारे शतकाने झाला. चुन्याविना दगड सांधण्याच्या पद्धतीला ‘हेमाडपंती’ हे ढोबळ नाव पडले आहे.

आणखी एक उत्तर: याच पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. या मठाविषयीच्या इ.स. १२०७ च्या शिलालेखाचा शेवट जुन्या मराठीत असून, प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असे त्यात नोंदलेले आहे. आम्हां खानदेशकरांना याचा फार अभिमान वाटतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. मठाविषयी मला ठाऊकच नव्हते.